खर्ड्याच्या गच्चीवरून मिंटन्सकडे

रात्रीचे दहा वाजून गेलेत. खर्ड्याच्या पेठेतलं शेवटचं शटर मघाशीच खाली आलं. तुम्ही गच्चीवर चटई टाकून बसला आहात. मांडीवर गिटार, कानांत हेडफोन, शेजारी वही, पेन्सिल आणि झिजून गोल झालेलं खोडरबर. भुईकोट किल्ल्याची तटबंदी अंधारात नुसती एक काळी पट्टी वाटते. मोबाइलमधला दहा-बारा सेकंदांचा एक तुकडा तुम्ही चाळीसेक वेळा ऐकलाय. सहा स्वर वहीत उतरले, सातवा हाती लागत नाही.

बसला आहात त्या गावाला कानाने शिकण्याचं हे काम नवं नाही. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एकत्र लढले. समोरचा हैदराबादचा निजाम अली मागे हटला, या किल्ल्यात शिरला आणि कोंडला गेला. शाहिरांनी त्या लढाईचे पोवाडे बांधले. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि ॲक्वर्थ यांनी ऐतिहासिक पोवाडे जमवून पुस्तकरूपाने छापले ते १८९१ मध्ये. तोवर पोवाडा टिकला तो ऐकणाऱ्याच्या कानात. मागे उभा राहून झील धरणारा पोरगा रोज ऐकायचा आणि एक दिवस तोच पुढे येऊन डफ हातात घ्यायचा. जॅझ गिटारचा इतिहासही असाच पुढे सरकला आहे आणि तो शिकायची वाटही तीच.

आता गिटार खाली ठेवा. तो सातवा स्वर आधी गळ्यातून काढा. गळ्यातून निघाला नाही तो स्वर अजून ऐकलेलाच नाही, असं समजा. पुन्हा लावा, डोळे मिटा, गुणगुणा.

सापडला. आणि गच्ची नाहीशी झाली.

मे १९४१, न्यूयॉर्क, हार्लेममधली ११८वी गल्ली. मिंटन्स प्लेहाउस हा लहानसा क्लब धुराने भरलाय. ड्रमवर केनी क्लार्क आहे. ॲम्प्लिफायरजवळ बसलेला सडपातळ तरुण चार्ली ख्रिश्चन, वय २४. बेनी गुडमनच्या नावाजलेल्या बँडमधलं काम आटोपून तो इथे स्वतःसाठी वाजवायला येतो. जेरी न्यूमन नावाचा एक विद्यार्थी आपलं यंत्र लावून थेट तबकडीवर हे सारं कोरून घेतोय. गच्चीवर तुम्ही ऐकत होता तो हाच तुकडा.

आता जवळून ऐका. खाली डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड चालू आहे आणि ख्रिश्चन तिच्यावर डिमिनिश्ड कॉर्डचे सूर मांडतोय. कॉर्डचा मूळ स्वर सा धरला, तर तुम्हाला चकवणारा सातवा स्वर निघतो कोमल रिषभ! पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते वाचलंही असेल. पण चाळीस वेळा अडखळून तो रिषभ ज्याने शोधला, त्याला आयुष्यभर तो हजार सुरांतून ओळखू येतो. दुसरं म्हणजे त्याच्या ओळी. त्या समेवर सुरू होत नाहीत, समेवर संपतही नाहीत. मात्रेच्या मधूनच उठतात आणि सॅक्सोफोनवाल्याच्या श्वासासारख्या लांबत जातात. तोवर बँडमधल्या गिटारचं काम मुख्यतः ताल धरायचं होतं. विजेच्या गिटारवर या पोराने ते वाद्य पुढे आणून बसवलं. पुढच्या वर्षी, २ मार्च १९४२ ला, क्षयाने तो गेला. वय २५. गुडमनकडे ऑगस्ट १९३९ मध्ये रुजू झाल्यापासून तीन वर्षंही झाली नव्हती.

वहीचं पान उलटा. आता पॅरिस, एकोणीसशे तिसाचं दशक. गिटारवादक जँगो राईनहार्ट. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी व अनामिका आखडली. एकेरी सुरांच्या ओळी तो उरलेल्या दोन बोटांनी वाजवायचा. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याचा एखादा सोलो उतरवायला बसलात की ती गोष्ट तुमच्या हातात येते. तुम्ही चार बोटं वापरून एका जागी बसून तान काढायला जाता आणि ती अवघडते, कुठेतरी अडकते. वैतागून दोनच बोटं ठेवता, हात गिटारच्या मानेवर आडवा सरकू देता, आणि तीच तान सुटते. गेलेल्या माणसाचा जखमी हात क्षणभर तुमच्या हातात असतो. मला कुठल्याही चरित्रग्रंथापेक्षा हा क्षण मोठा वाटतो. तयार टॅबवर बोटांचे आकडे छापलेले असतात. ते कुणा दुसऱ्याच्या शोधाचं उत्तर असतं, तुमचा शोध त्यात होतच नाही.

आणखी एक थांबा, इंडियानापोलिस. वेस माँटगोमेरी विशीत आहे, लग्न झालेलं, पोटासाठी कामावर जातो. ख्रिश्चनची ‘सोलो फ्लाइट’ त्याने ऐकली आणि तो गिटार घेऊन बसला. नोटेशन त्याला वाचता येत नाही. तबकडीवरून कानाने एकेक सोलो बसवला. गावातल्या क्लबात पहिलं काम मिळालं तेही हे सोलो वाजवण्याचंच. तेवढे संपले की बाकीच्या गाण्यात तो गप्प बसून राहायचा, कारण पुढे काय वाजवायचं हे ठाऊक नव्हतं. या गप्प बसण्याची लाज वाटून घेऊ नका, तुमच्याही वाट्याला ते येणार आहे. पुढे हाच माणूस पिक न वापरता अंगठ्याने तारा छेडतो, आधी एकेरी सूर, मग सप्तकाची जोडी, मग पूर्ण कॉर्ड अशी सोलोची इमारत चढवतो, आणि १९६० च्या त्याच्या तबकडीने गिटारवाले चकित होतात. नक्कल करता करता तो स्वतःपाशी पोचला.

आता घराजवळ या. मुंबई, धोबीतलाव, पन्नाशीचं दशक सरत आलंय. शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा विलिस कॉनोव्हर जॅझ लावतोय आणि खोलीतले गोव्याचे वादक खरखरीतून सूर वेचताहेत. पुन्हा ऐकण्याची सोय नाही, जे निसटलं ते निसटलं. तबकडी हाताशी असली तर निदान चकती ३३ ऐवजी १६ वर टाकता येते. वेग निम्मा होतो, सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतात. सुई पुन्हापुन्हा त्याच जागी ठेवून तबकडी झिजते. तुमच्या मोबाइलमध्ये सप्तक न बदलता वेग कमी होतो, केवढी श्रीमंती आहे ही!

या मंडळींचा कान तयार झाला होता गोव्यातल्या चर्चच्या शाळांत. तिथे पोरं सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत सुरावट, गात आणि पाच रेघांचं नोटेशन लिहीत मोठी होत. मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जायचं, असा अनेकांचा क्रम. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी आणि सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर ती कागदावर उतरवून पन्नास वादकांपुढे ठेवत. आपल्या आईवडिलांनी रेडिओवर ऐकलेल्या कितीतरी गाण्यांच्या मागे हा ऐकून लिहिणारा हात आहे. श्रेयनामावलीत त्यांची नावं फारशी आली नाहीत, ही आपल्याकडून राहिलेली परतफेड आहे.

याच मुंबईत १९३६ मध्ये गोवेकर कुटुंबात जन्मलेला अमान्सिओ डिसिल्वा गिटार घेऊन लंडनला गेला. १९६९ मध्ये जो हॅरियट या जमैकाच्या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने तबकडी केली, नाव ‘हम दोनो’. तिच्यात ‘बॅलड फॉर गोवा’ आहे. त्याचा आणखी एक संग्रह बऱ्याच वर्षांनी बाहेर आला, ‘कोंकण डान्स’. ख्रिश्चन आणि वेस उतरवून झाले की याला घ्या. मराठी कानाला इथे काही वळणं ओळखीची वाटतील. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतली युक्तीही इथे कामी येते. कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहा आणि मींडेला वर कमान काढा. पाच रेघा येत नाहीत म्हणून अडून बसू नका, सारेगममध्ये लिहा.

पुन्हा गच्ची. बारा वाजायला आलेत, वहीत चार ओळी झाल्यात, कोमल रिषभाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आहे.

ज्यांनी अजून सुरुवातच केली नाही त्यांना एक विनंती. आज ‘सोलो फ्लाइट’ शोधा, फक्त पहिल्या दोन ओळी घ्या. वेग निम्मा करा आणि गिटारला हात लावण्याआधी त्या गाऊन बघा.