ब्रायन, विल्यम जेनिंग्ज
(१९ मार्च १८६० – २६ जुलै १९२५). अमेरिकन राजकारणी व वक्ता. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे १८९६, १९०० व १९०८ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक लढवून तिन्ही वेळा पराभूत. चलन केवळ सोन्याशी बांधणाऱ्या सुवर्णमानकामुळे शेतमालाचे भाव पडतात व कर्जाचा बोजा वाढतो, म्हणून चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडावीत, ही मागणी त्याने पक्षाच्या शिकागो अधिवेशनात (१८९६) ख्रिस्ताच्या क्रुसाच्या भाषेत मांडली. कष्टकऱ्यांची बाजू घेणे त्याला ख्रिस्ती कर्तव्यच वाटे. डार्विनवादात त्याला बलवानांनी दुर्बलांना चिरडण्याचे समर्थन दिसे. म्हणूनच शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर चाललेल्या खटल्यात (१९२५) तो त्या शिकवणीविरुद्ध उभा राहिला. त्याला निव्वळ प्रतिगामी ठरवणे अन्यायाचे आहे. मात्र कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा नाव घेऊन निषेध करण्यास त्याने १९२४ च्या पक्ष अधिवेशनात केलेला विरोध क्षम्य मानता येत नाही.