अगोराचा भरलेला चौक

रोमन राज्यकर्ते ग्रीक संस्कृतीचे चाहते होते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते खोटे नाही. पण या चाहत्यांनी नेमके काय केले हे पाहायचे तर अथेन्सच्या अगोराचा, म्हणजे भर शहरातल्या चौकाचा, नकाशा पाहावा. वर्गात मी तो फळ्यावर दोनदा काढतो. रोमन येण्यापूर्वीचा आणि नंतरचा.

पहिल्या नकाशात मधली जागा मोकळी आहे. कडेने खांबांच्या लांब ओसऱ्या, पश्चिमेला पाचशेंच्या मंडळाचे सभागृह. मधल्या जागेत बाजार भरे, वाद झडत. डोईजड झालेल्या पुढाऱ्याला दहा वर्षे हद्दपार करायचे, तर लोक खापरीवर त्याचे नाव कोरून ती इथेच आणून टाकत.

इ. स. पूर्व 86 मध्ये सुलाने अथेन्स लुटले, कत्तल केली. मला मात्र त्या लुटीपेक्षा पुढची मेहेरबानी अधिक विचार करायला लावते. इ. स. पूर्व 15 च्या सुमारास सम्राट ऑगस्टसचा जावई आणि सेनापती अग्रिप्पा याने या चौकाच्या ऐन मध्यात सुमारे हजार श्रोते बसतील असे संगीतगृह बांधले. त्याच काळात त्याच्या उत्तरेला अरीस या युद्धदेवाचे देऊळ उभे राहिले. तेही नवे नव्हे. चारशे वर्षांपूर्वीचे पालेनी येथले देऊळ उकलून, दगडादगडावर खूण घालून, इथे आणून पुन्हा जोडले. चौक कोणी पाडला नाही, तो भरला. जिथे उभे राहून भांडायचे, तिथे आता बसून ऐकायचे.

लोकसत्ता रोमनेच मारली असे मात्र म्हणता येत नाही. मॅसिडोनियाच्या अँटिपाटरने इ. स. पूर्व 322 मध्येच गरिबांचा मताधिकार काढून घेतला होता. पुढे तो परत मिळे, पुन्हा जाई. रोमने त्या खालसा हक्कावर संगमरवर चढवला, एवढे खरे.

नावांचेही तेच. अक्रोपोलिसच्या दारापुढचा उंच चौथरा मुळात पर्गामोनच्या राजाचा. त्यावर अग्रिप्पाचे नाव आले. इ. स. 61 मध्ये पार्थेनॉनच्या पूर्व दर्शनी भागावर नीरोच्या सन्मानार्थ काशाची अक्षरे ठोकली गेली. ती पुढे काढली; खिळ्यांची भोके राहिली. 1896 मध्ये अँड्र्यूज नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने त्या भोकांवर ओला कागद दाबून, ठसे घेऊन मजकूर लावला. ऱ्होड्सचे लोक तर जुन्या पुतळ्यांवरची नावे खोडून नव्या बड्या असामींची घालत. डिओ क्रिसोस्टोमने त्यांना भर सभेत त्याबद्दल झाडले आहे.

एवढे वाचून ग्रीकांसाठी हळहळावे, अशी आमच्या विद्वानांची रीत. मला ती पुरी साधत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझे आजोबा चावडीच्या पायरीखालीच उभे राहत. त्यामुळे मोकळा चौक म्हटला की, मोकळा कोणाला, हे मी आधी विचारतो. 1970 मध्ये याच अगोराच्या उत्खननात एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर इ. स. पूर्व 375-374 चा कायदा आहे. म्हणजे रोमनांच्या कितीतरी आधीचा, लोकसत्तेच्या भर काळातला. सावकारांच्या मेजांमध्ये बसून चांदीची नाणी पारखणारा माणूस हा सरकारी गुलाम. त्याने खोटे ठरवलेले नाणे तिथल्या तिथे छेदावे, एवढा त्याचा अधिकार. पण तो जागेवर बसला नाही किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर चाबकाचे पन्नास फटके. साऱ्या बाजाराचा विश्वास त्याच्या नजरेवर, आणि सभेत त्याला मत नाही. बायकांनाही नव्हते, परगावाहून येऊन पिढ्यान्पिढ्या राहिलेल्यांनाही नव्हते.

अग्रिप्पाच्या संगीतगृहाने अथेन्सच्या नागरिकाचा चौक घेतला. या पारख्याचा त्याने काय घेतला? आणि पालेनीच्या देवळाचे दगड उतरवून अथेन्सला वाहणारे हात कोणाचे होते, हे त्या दगडांवरच्या खुणांत कुठे लिहिलेले नाही. अग्रिप्पाचे नाव चौथऱ्यावर अजून वाचता येते.