हिंगण्याच्या उन्हातला स्फटिक

मे महिना, 1985. हिंगणा एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही उभे आहात. पारा 45 वर, कूलरचं पाणी संपलेलं. भिंतीवर सेलवरचं नवंकोरं क्वार्ट्झ घड्याळ. रोज चावी द्यायची कटकट गेली म्हणून फोरमन खूश. त्या घड्याळात तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत क्वार्ट्झ स्फटिकाचा दोन पात्यांचा स्वरकाटा आहे. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. पण हा वेग 25 अंशांच्या आसपासच पूर्ण मिळतो. असाच उकाडा राहिला तर घड्याळ दिवसाला सेकंदभर मागे पडेल. गंमत म्हणजे डिसेंबरच्या थंडीतही ते मागेच पडतं, पुढे जात नाही. नागपूरची हवा त्याला कोणत्याच टोकाला मानवत नाही, बाप्पा!

अजून मागे सरका. 1 जानेवारी 1906. देशभर एकच वेळ लागू झाली, आणि सूर्याच्या हिशेबापेक्षा हिंगण्याचं घड्याळ सुमारे 14 मिनिटं पुढे पळू लागलं. मुंबईने मात्र पुढे अनेक दशकं आपलीच वेळ चालवली. इथे बैलजोडी घेऊन निघालेल्याला कोणी वेळ विचारली, तर उत्तर येतं, ‘दिवस कासराभर वर आला.’ त्याचं काम तेवढ्यात भागतं.

आता थेट आजच्या हिंगणा रस्त्यावरच्या लोकमान्य नगर मेट्रो स्थानकाजवळ या. शेजारच्या मोबाइल टॉवरच्या पेटीत डोकवा. आतही क्वार्ट्झच! सेकंदा-दोन सेकंदांपुरता हा स्फटिक विलक्षण स्थिर असतो, पण दिवसागणिक भरकटतो. म्हणून पेटी उपग्रहावरच्या अणुघड्याळाची वेळही घेते. ती महिनोन्महिने विश्वासाची, पण वातावरणातून येताना तिला क्षणाक्षणाला नॅनोसेकंदांचे धक्के बसतात. तेव्हा क्षणाचा हिशेब स्फटिक ठेवतो, महिन्याचा उपग्रह. माझ्या मते खरी कारागिरी या वाटणीत आहे. घड्याळातला कोणता नॉइज, म्हणजे अनियमित चढउतार, किती वेळाच्या सरासरीत विरतो आणि कोणता विरतच नाही, हे मोजायची रीत भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ॲलन यांनी 1966 मध्ये दिली. भारताचं स्वतःचं रुबिडियम अणुघड्याळ मात्र 29 मे 2023 ला, एनव्हीएस-01 या दिशादर्शक उपग्रहाबरोबर अंतराळात गेलं.

आणि उन्हाचं काय? चांगल्या पेटीतला स्फटिक छोट्या भट्टीत ठेवतात, नागपूरच्या मेपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला. बाहेर 47 असो वा 10, आत फरक पडत नाही. फक्त भट्टीची वीज जाता कामा नये. गेली की पुन्हा तापून स्थिरावायला तिला बराच वेळ लागतो.