मारणे आणि मोजणे : पेशीघाताच्या संशोधनेतिहासातील एक प्रकरण

इल्या मेचनिकोव्ह ह्याने १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला आणि भटक्या पेशी त्याभोवती जमलेल्या पाहिल्या. तेव्हापासून शरीररक्षणाच्या परिभाषेत ‘भक्षण’ ही कल्पना रूढ झाली. भक्षण डोळ्यांना दिसते. परंतु शेजारच्या पेशीस न गिळता तिचा नाश करणारी पेशीही असू शकते, हे प्रत्यक्ष दाखविले जाण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आंद्रे गोव्हार्ट्‌स ह्याने १९६० मध्ये, परक्या मूत्रपिंडाचे आरोपण केलेल्या कुत्र्यांच्या लसीकापेशी काढून त्या दात्याच्या मूत्रपिंडपेशींत मिसळल्या. दात्याच्या पेशी नाश पावल्या.

पण किती? रंग शोषणाऱ्या मृत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे कष्टाचे, आणि त्यात मोजणाऱ्याची नजरही मिसळते. १९६८ मध्ये लोझान येथील ब्रूनर, सेरोटिनी व त्यांचे सहकारी ह्यांनी एक पद्धती सिद्ध केली. लक्ष्यपेशींत किरणोत्सर्गी क्रोमियम-५१ भरावयाचे, बाहेर उरलेले धुऊन टाकावयाचे, मग मारक पेशींच्या सान्निध्यात काही तास ठेवून द्रवात किती क्रोमियम पाझरले ते मोजावयाचे. मारक पेशी नसतानाही थोडे पाझरतेच; ते वजा करावे लागते. समजा, आपोआप पाझरलेले २००, सर्व पेशी फोडल्यास १२०० आणि प्रयोगात ७०० अशी गणना आली, तर घात १००० पैकी ५००, म्हणजे ५० टक्के. झिंकरनागेल व डोहर्टी ह्यांचे कॅनबेरा येथील १९७४ चे संशोधन ह्याच मापनावर उभे आहे. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि ह्या पद्धतीत एक गृहीत दडलेले होते. क्रोमियम मृत्यू मोजत नाही, गळती मोजते. निष्कर्षास नाव मिळाले ‘लायसिस’. मूळ ग्रीक अर्थ सुटणे, मोकळे होणे. नावाने आवरण फुटण्याचे चित्र मनात ठसविले, आणि फुटणे हेच मरणे असे मानले गेले. (परिभाषेच्या अभ्यासकाने प्रयोगशाळेत डोकावावे ते अशा वेळी.) वस्तुतः १९७२ मध्येच केर, वायली व करी ह्यांनी पेशीच्या अंतर्गत मृत्यूस ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले होते. पाने गळण्याचा अर्थ असलेला हा शब्द त्यांना ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक ह्यांनी सुचविला. पुढील दशकात जॉन रसेल ह्याने दाखविले की, लक्ष्यपेशीच्या केंद्रकाची मोडतोड क्रोमियम बाहेर पडण्यापूर्वीच सुरू होते. परफोरिन हे प्रथिन आवरणास छिद्रे पाडते, ग्रँझाइमे आत शिरून पेशीला तिच्याच यंत्रणेने मरावयास लावतात, हा उलगडा त्यानंतर होत गेला. १९९४ मध्ये परफोरिनविरहित उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांना विषाणूचा बंदोबस्त करता येईना.

केंद्रकाची मोडतोड मोजणाऱ्या पद्धती आता हाती आहेत. तरीही अनेक आलेखांच्या उभ्या अक्षावर ‘विशिष्ट लायसिसचे शतमान’ हीच अक्षरे आढळतात, आणि ते आकडे क्रोमियमचे की केंद्रकाचे, हे पद्धतीच्या परिच्छेदात शोधावे लागते.