पिक्रिक अम्ल : साठवण व हाताळणीचा इतिहास

पिक्रिक अम्ल : फिनॉलाच्या नायट्रीकरणाने मिळणारे पिवळे, स्फटिकी व अतिशय कडू असे कार्बनी संयुग. रासायनिक नाव २, ४, ६-ट्रायनायट्रोफिनॉल. वितळबिंदू सु. १२२° से. थंड पाण्यात ते थोडेच विरघळते, गरम पाण्यात अधिक. अल्कोहॉलात बऱ्यापैकी विद्राव्य. ‘कडू’ या अर्थाच्या ‘पिक्रॉस’ या ग्रीक शब्दावरून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां बातीस्त द्यूमा यांनी त्यास हे नाव दिले. कोरडे असता हे द्रव्य आघात, घर्षण व उष्णता यांनी स्फोट पावते. पाण्याने भिजलेले असता बरेच निरुपद्रवी असते. कोरडे व ओले यांमधील हा भेद त्याच्या साठवणीचा सर्व इतिहास व्यापून राहिला आहे.

महाराष्ट्रातील लहान गावांच्या दृष्टीने हे द्रव्य दूरचे मानण्याचे कारण नाही. रक्तातील क्रिएटिनीन मोजण्याची माक्स याफे यांची १८८६ सालची पद्धती क्षारीय पिक्रेटावर आधारलेली असून रोगनिदान प्रयोगशाळांत ती आजही सर्रास वापरली जाते. ऊतके सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यापूर्वी ती टिकविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या ब्वँ यांच्या विद्रावाचा पिक्रिक अम्ल हा मुख्य घटक आहे. मराठवाड्याशी अधिक निगडित असा तिसरा उपयोग ज्वारीचा. कोवळी अथवा पावसाअभावी खुरटलेली ज्वारी खाल्ल्याने गुरांना हायड्रोसायानिक अम्लाची विषबाधा होते व जनावर थोड्याच वेळात दगावू शकते. चाऱ्यातील हे विष ओळखण्याकरिता सोडियम पिक्रेटात भिजवलेली गाळण कागदाची पट्टी वापरतात. चाऱ्याचा चुरा व पट्टी बंद नळीत ठेवल्यास विषाच्या वाफेने पट्टीचा पिवळा रंग विटकरी होतो. लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे रेणुकादेवीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव ज्वारीच्या याच प्रदेशात मोडते. एकीकडे अंबेजोगाईचे १९७४ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय व दुसरीकडे परभणीचे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ यांच्या परिसरातील प्रयोगशाळांना या पिवळ्या बाटलीची ओळख असणे स्वाभाविक आहे.

रंग व औषध : पिटर वुल्फ यांनी १७७१ मध्ये नायट्रिक अम्लाची निळीवर विक्रिया घडवून हे द्रव्य प्रथम मिळविले. निळीसारख्या रंगद्रव्यापासून निघालेला हा पदार्थ स्वतःही रंग म्हणूनच उपयोगास आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील लीआँ येथे रेशीम पिवळे रंगविण्यासाठी तो वापरण्यात येऊ लागला. कृत्रिम रंगांत त्याचा क्रम अगदी आरंभीचा लागतो. पुढे भाजलेल्या जखमांवर पिक्रिक अम्लाच्या विद्रावात भिजविलेल्या पट्ट्या बांधण्याची प्रथा पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रथमोपचाराच्या पेट्यांत अशा पट्ट्या असत. जखमेतून ते शरीरात शोषले जाऊन विषबाधा होते हे लक्षात आल्यावर ही प्रथा मागे पडली.

रंगाऱ्याच्या व वैद्याच्या हाती असताना शंभर वर्षे या द्रव्याच्या साठवणीविषयी कोणी फारशी चिंता केली नाही. हेर्मान श्प्रेंगेल यांनी १८७३ मध्ये ते उत्स्फोटित होऊ शकते असे दाखवून दिले, तरी रंगाच्या गोदामांत त्याचे स्थान बदलले नाही. बदल घडला तो एका अपघाताने. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या कॉर्नब्रुक येथील रसायनांच्या कारखान्यास १८८७ साली आग लागली. वितळलेले पिक्रिक अम्ल वाहत जाऊन जवळच असलेल्या शिशाच्या ऑक्साइडास मिळाले व त्यापासून शिशाचे पिक्रेट तयार झाले. हे लवण मूळ अम्लापेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील आहे. त्याचा स्फोट झाला व त्याने उरलेल्या साठ्याचाही स्फोट घडविला. पिक्रिक अम्लाच्या शेजारी काय ठेवले आहे हा प्रश्न स्वतः त्या अम्लाइतकाच महत्त्वाचा ठरतो, हे या घटनेने प्रथम स्पष्ट केले.

युद्धसामग्री : एझेन त्यूर्पँ यांनी १८८५ च्या सुमारास पिक्रिक अम्ल तोफगोळ्यांत भरण्याची पद्धती शोधली. फ्रान्समध्ये ‘मेलिनाइट’, ब्रिटनमध्ये ‘लिडाइट’ व जपानमध्ये ‘शिमोसे’ या नावांनी ते प्रचारात आले. बोअर युद्ध व १९०४–०५ चे रशिया-जपान युद्ध यांत त्याचा मोठा वापर झाला. धातूशी संयोग पावून पिक्रेटे बनण्याचा त्याचा गुण येथेही आड येई व त्यामुळे गोळ्यांना आतून रोगणाचा लेप द्यावा लागे. पहिल्या महायुद्धात उत्पादन अतोनात वाढले आणि त्याबरोबर अपघातही. ब्रॅडफर्डनजीकच्या लो मूर येथील कारखान्यात २१ ऑगस्ट १९१६ रोजी झालेल्या स्फोटांत ४० माणसे मृत्युमुखी पडली. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ-ब्लां’ हे जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटले. त्याच्या पोटात ओले व कोरडे मिळून दोन हजार टनांहून अधिक पिक्रिक अम्ल, शिवाय टीएनटी व गनकॉटन होते. डेकवर बेंझॉलाची पिंपे रचलेली होती. आग प्रथम या पिंपांतील ज्वालाग्राही द्रवाला लागली. शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला व सु. १,८०० लोक मरण पावले.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत पिक्रिक अम्लाचा प्रश्न नव्हता, पण चूक त्याच जातीची होती. सु. १,४०० टन स्फोटके व कापसाच्या हजारो गासड्या एकाच जहाजात भरलेल्या होत्या आणि आगीची सुरुवात कापसापासून झाली. तिच्याशी झुंजताना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो याच कारणाने. पिक्रिक अम्ल मात्र तोवर युद्धातून बहुतांशी बाहेर पडले होते. टीएनटी धातूवर विक्रिया करीत नाही व कमी तापमानास वितळते, या सोयीमुळे त्याने पिक्रिक अम्लाची जागा घेतली.

कायदा व संशय : भारतात या द्रव्याचे नाव प्रयोगशाळेबाहेर ऐकू आले ते १९०८ च्या सुमारास. सेनापती पांडुरंग महादेव बापट व बंगालचे हेमचंद्र कानूनगो यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बाँबविद्या शिकून घेतली होती. कलकत्त्याचे दंडाधिकारी किंग्जफर्ड यांना जानेवारी १९०८ मध्ये एका जाड कायदेविषयक ग्रंथात दडवून जो बाँब पाठविण्यात आला, त्यात पिक्रिक अम्ल होते. सवडीने पाहू म्हणून किंग्जफर्ड यांनी तो ग्रंथ न उघडताच बाजूला ठेवला. त्यांची मुझफरपूरला बदली झाली तेव्हा सामानाबरोबर तोही गेला आणि सुमारे वर्षभर कोणाच्या ध्यानीमनी नसताना तसाच राहिला. पुढे तपासातून माहिती मिळाल्यावर तो सापडला. शस्त्र म्हणून त्याचे प्रयोजन फसले. विसरलेल्या साठ्याचे उदाहरण म्हणून मात्र याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मुझफरपूर येथे ३० एप्रिल १९०८ रोजी बाँब पडल्यानंतर ८ जून रोजी स्फोटक द्रव्यांचा अधिनियम संमत झाला. दुसऱ्याच दिवशीच्या केसरीतील अग्रलेखात लोकमान्य टिळकांनी या उपायांवर टीका केली. बाँब ही मोठ्या कारखान्यातून निघणारी वस्तू नसून ज्ञानातून निघणारी आहे, हा तिचा एक धागा होता. त्यांच्या पुण्याच्या घराच्या झडतीत स्फोटकांवरील दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड मिळाले व खटल्यात ते पुरावा म्हणून मांडण्यात आले. नव्या कायद्यातील ‘स्फोटक’ या शब्दाच्या व्याख्येवर लिहावयाचे असल्याने ही पुस्तके पाहावयाची होती, असा खुलासा टिळकांनी केला. जुलैमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. खटल्याचा निकाल त्या कार्डावर अवलंबून नव्हता. परंतु रंगाऱ्याचे, वैद्याचे व शिक्षकाचे द्रव्य स्फोटक केव्हा म्हणावे, ही टिळकांना पडलेली शंका निराधार नव्हती. १८८४ च्या स्फोटकविषयक अधिनियमात १९७८ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या व्याख्येत पिक्रिक अम्लाचा नावानिशी उल्लेख आहे. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय नागपूर येथे आहे.

प्रयोगशाळेतील साठवण : कायद्याचे लक्ष साहजिकच मोठ्या साठ्यांवर असते. प्रयोगशाळेतील धोका वेगळ्या प्रकारचा, म्हणजे पंचवीस किंवा शंभर ग्रॅमच्या बाटलीचा असतो. विक्रीच्या वेळी या बाटलीत ३० टक्क्यांहून अधिक पाणी असते व वाहतुकीच्या नियमांनुसार तेवढे पाणी असेपर्यंत ती स्फोटक न मानता ज्वालाग्राही घन पदार्थ मानली जाते. पाणी त्याखाली गेले की तीच बाटली स्फोटकांच्या वर्गात जाते. बाटली बदललेली नसते, तिच्यावरची चिठ्ठीही तीच असते. लातूर-नांदेड भागात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते व हवा कोरडी असते. महाविद्यालयाची प्रयोगशाळा नेमकी याच दिवसांत सुटीमुळे बंद असते. सैल झाकणाच्या बाटलीतील पाणी काही वर्षांत उडून जाण्यास हे पुरेसे आहे. लातूर शहराला एप्रिल-मे २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. पण या बाटलीला लागणारे ऊर्ध्वपातित पाणी चमच्यांनी मोजण्याइतकेच असते आणि कमतरता असते ती आठवणीची.

म्हणून घन पदार्थ नेहमी पाण्याखाली दिसेल असा ठेवावा, बाटलीवर ती फोडल्याचा व पाणी घातल्याचा दिनांक लिहावा व दर काही महिन्यांनी तपासणी करून नोंद ठेवावी, असा परिपाठ आहे. बाटली काचेची व झाकण प्लॅस्टिकचे असावे; धातूचे झाकण कधीही नसावे. चमचाही प्लॅस्टिकचा वापरतात. बाटलीच्या गळ्याशी व झाकणाच्या आट्यांत सुकलेले कण सर्वांत धोक्याचे, कारण झाकण फिरविताना होणारे घर्षण थेट त्यांवरच होते. यास्तव वापरानंतर गळा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा लागतो. सांडलेले द्रव्य वाळू न देता पाण्याने भिजवून पुसतात. सिमेंटच्या जमिनीवर ते वाळल्यास चुन्याच्या अंशाशी संयोग होऊन कॅल्शियम पिक्रेट बनू शकते. शिशाच्या किंवा तांब्याच्या नळीला जोडलेल्या मोरीत विद्राव ओतणे वर्ज्य आहे.

शेजाराचा प्रश्न कॉर्नब्रुकइतकाच जिवंत आहे. रसायने वर्णानुक्रमे मांडण्याची पद्धत शोधण्यास सोयीची, पण तिच्यात कोणाशेजारी कोण येईल याचा विचार नसतो. रेणापूर तालुक्यासारख्या उसाच्या भागात उसाच्या रसाच्या पृथक्करणासाठी शिशाचे क्षारकीय ॲसिटेट वापरण्याचा प्रघात जुना आहे व विद्यार्थ्यांना ही पद्धती शिकविणाऱ्या महाविद्यालयाच्या कपाटातही ते आढळते. शिसे, तांबे, लोह यांची लवणे, अमोनिया व इतर क्षारके यांच्यापासून पिक्रिक अम्ल दूर, स्वतंत्र फळीवर ठेवणे आवश्यक आहे.

जुनी, वाळलेली बाटली आढळल्यास ती उघडू नये, हलवू नये व तिच्यात पाणी घालण्याचाही प्रयत्न करू नये. खोली बंद करून पोलिसांच्या बाँबशोधक व नाशक पथकास कळवावे. हा उपाय अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. ब्रिटनमध्ये २०१६ च्या अखेरीस अनेक शाळांतून डायनायट्रोफेनिलहायड्राझीन या अशाच, ओलसर ठेवाव्या लागणाऱ्या संयुगाच्या वाळलेल्या बाटल्या सैन्याच्या पथकांनी बाहेर मैदानात नेऊन नष्ट केल्या. त्या बाटल्या वर्षानुवर्षे तेथेच होत्या.

अलीकडे क्रिएटिनिनासाठी एंझाइमांवर आधारलेली पद्धती व याफे पद्धतीसाठी तयार विरल विद्राव मिळू लागल्याने घन पिक्रिक अम्ल विकत घेण्याचे प्रयोजन बरेच कमी झाले आहे. एंझाइमांची पद्धती महाग पडत असल्याने लहान गावांतून तयार विद्रावच अधिक चालतो. ज्वारीच्या परीक्षेस लागणाऱ्या पट्ट्यांसाठीही विरल विद्राव पुरतो. तो गडद बाटलीत, घट्ट झाकण लावून व उन्हापासून दूर ठेवतात आणि उरलेल्या पट्ट्या वाळवून साठविण्याऐवजी पाण्यात बुडवून, वेगळ्या भांड्यात टाकाऊ रसायन म्हणून जमा करतात.