चित्रापाशी नेमलेला भिक्षू

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर, एका भल्यामोठ्या भवचक्राचे अवशेष आहेत. बहुतेक प्रेक्षक आत शिरण्याच्या घाईत त्याला ओलांडून जातात. आम्हांला मात्र अर्थनिरूपणाच्या इतिहासाचा प्रारंभ येथेच करावासा वाटतो. विहाराच्या द्वारकोष्ठकात असे चक्र रंगवावे आणि येणाऱ्या ब्राह्मण-गृहस्थांना ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा, असा आदेश 'दिव्यावदाना'त बुद्धाच्या मुखी आहे. पुढचा तपशील अधिक बोलका आहे. भिक्षूंनी अजाण माणसेही या कामावर बसवली, तेव्हा समर्थ भिक्षूच नेमावा असे पुन्हा बजावावे लागले. गाइडविषयीची तक्रार इतकी जुनी आहे!

आपले आपण वाचावे अशी सोयही तेव्हा होती. 2 क्रमांकाच्या लेण्यात क्षांतिवादीच्या चित्राबरोबर आर्यशूराच्या 'जातकमाले'तील श्लोक रंगवलेले आहेत. (त्या अंधुक उजेडात ते संस्कृत कितीजणांनी वाचले असेल, हा प्रश्न वेगळा.)

1819 मध्ये जॉन स्मिथ येथे पोहोचला तेव्हा सांगणारा भिक्षू उरला नव्हता. त्याची जागा ग्रंथांनी घेतली. 1 क्रमांकाच्या लेण्यातील दरबाराच्या दृश्यात परदेशी वेषातील माणसे पाहून जेम्स फर्ग्युसन यांनी 1879 मध्ये निष्कर्ष काढला की, हा दुसऱ्या पुलकेशीकडे आलेला इराणच्या खुस्रोचा वकील. ताबारीच्या इतिहासाचा आधार होता, तर्क देखणा होता, आणि चालुक्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मनाला तो फारच मानवला. परंतु पुलकेशी सातव्या शतकातला. लेणे मात्र वाकाटक हरिषेणाच्या काळचे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्या प्रसंगाची सांगड आता महासुदर्शनाच्या कथेशी घातली जाते.

तरीही पुलकेशीचा दरबार पर्यटकांच्या कानी पडत राहिला, आणि सुशिक्षित प्रेक्षक 'गाइड लोक काहीही ठोकून देतात' असे म्हणून हाती पुस्तक धरीत राहिले. ही थाप गाइडच्या घरची नव्हे, ती पुस्तकातूनच त्याच्याकडे आली होती. शिवाय त्याला मध्येच थांबवून 'कशावरून?' असे विचारता येते. फर्ग्युसन यांच्या छापील पानाला तसे विचारण्याची सोय लेण्यात उभ्या असलेल्या वाचकाला कधीच नव्हती.