दामदुपटीपासून कार्डापर्यंत

  आज बोलायचं आहे कर्जाबद्दल. हल्ली गावागावात क्रेडिट कार्ड पोचलं आहे. कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोराच्या खिशात ते असतं, फ्रिज-टीव्हीच्या दुकानात ते गळ्यात मारलं जातं. हे कार्ड नीट समजायचं तर आधी आपल्या भागातल्या कर्जाची जुनी गोष्ट ऐकायला हवी.

आपल्याकडे फार जुना एक नियम होता, दामदुपटीचा. सावकाराने कितीही वर्षं व्याज चढवलं, तरी थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. शंभर दिले तर व्याजासकट फार तर दोनशे. नियम चांगला होता, पण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वाचता येणारा तोच. व्याज मुद्दलात मिळवून तो नवा कागद करायचा, त्यावर अंगठा घ्यायचा, की दामदुपट पुन्हा पहिल्यापासून सुरू.

कल्याणहून वाशिंदपर्यंत रेल्वे आली १८५५ साली आणि १८६१ मध्ये ती कसाऱ्याला पोचली. मुंबईचा बाजार जवळ आला. भात, गवत, लाकूड यांना भाव आला, पण सगळ्यांच्या पदरात तो पडला नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी काढायची आणि सुगीला ती सवाईने किंवा दिढीने फेडायची. मण घेतला तर दीड मण परत. म्हणजे खळ्यावरचं भात घरी येण्याआधीच दुसऱ्याचं झालेलं असायचं.

सगळ्यात वाईट कर्ज लग्नाचं. लग्नासाठी पैसे घेणारा आदिवासी गडी ते फिटेपर्यंत मालकाकडे राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. पैसे घेतले नवऱ्याने, पण राबायची नवी नवरीसुद्धा. तिला कुणी विचारलेलं नसायचं. कर्ज कधी फिटलं हे मालकच ठरवणार, म्हणून ते फिटायचंच नाही.

याविरुद्ध लोक उठले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली. राग कागदावर होता, कारण बेडी कागदाचीच होती. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला. कर्जाच्या कागदाच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि पैसे भरले की पावती मिळणं हा कुळाचा हक्क ठरला.

आपल्या जिल्ह्यातलं मोठं पान उघडलं ते शेजारीच, टिटवाळ्याला. जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातले वारली तिथे आले आणि त्यांनी आपली वेठ सांगितली. पुढे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उभे राहिले आणि लग्नगडी सोडवले गेले. मुंबई प्रांतात ‘१९४६ चा’ सावकारी कायदा झाला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर वेठबिगाराच्या डोक्यावरचं कर्जच रद्द केलं. तो कायदा कागदावरच राहू नये म्हणून ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात माणसं शोधून शोधून मोकळी केली.

आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसलेल्या सावकाराला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. परवाना असलेल्यालाही सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. दामदुपटीचा नियमही त्यात आहे. तक्रार करायची तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात.

आता कार्डाकडे येऊ. बँकेचं कार्ड या सावकारी कायद्यात बसत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं अनुचित आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. म्हणजे गावच्या सावकाराला व्याजाची मर्यादा आहे, पण कार्डाला ठरावीक आकड्याची मर्यादा नाही. ही गोष्ट प्रत्येकीने मनात पक्की धरावी.

हिशेब करून पाहू. कार्डावर २०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं समजा. महिन्याचं व्याज झालं ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. तुम्ही हजार रुपये भरलेत तर ८२६ त्यातच गेले, मुद्दल फिटलं १७४. असं वर्षभर केलं, नवी खरेदी एक रुपयाचीही केली नाही, तरी १२,००० भरून मुद्दल कमी होतं सुमारे २,६००. बिलावर ‘किमान रक्कम’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हा. ती रक्कम भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली तरच खरेदीवर व्याज लागत नाही. आणि कार्डाने एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून सुरू.

मग आपल्या बाजूने काय आहे? रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. न मागता कार्ड देता येत नाही. दिलं आणि बिल पाठवलं, तर ते रद्द करून बिलाच्या दुप्पट रक्कम बँकेने द्यायची. थकबाकी नसेल आणि कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. वसुलीवाल्याने धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी फोन १४४४८. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सख्यांनो, लग्नगड्याच्या बायकोला कुणी विचारलं नव्हतं. आज घरात कार्ड येतं तेव्हा विचारायचा हक्क आपल्याला आहे, कारण हप्ता शेवटी घरखर्चातूनच जातो. गटात आपण दर महिन्याला वही उघडतो, व्याज सगळ्यांसमोर मोजतो आणि ते व्याज गटातच राहतं. या महिन्याच्या बैठकीत ज्यांच्या घरी कार्ड आहे त्यांनी त्याचं बिल घेऊन या. गटातल्या शिकलेल्या मुलीला तीन आकडे मोठ्याने वाचायला सांगा: एकूण रक्कम, व्याजाचा दर आणि भरायची तारीख. ज्यांना ओटीपी विचारणारे फोन आले असतील त्यांनी तेही सांगा. एकीचं बिल दहाजणींनी ऐकलं, तर पुढची दहाजणी सही करण्याआधी थांबून विचार करतील.